थांबली होती, हे तिला कळतच नाही

हे वाक्य वाचून संपेपर्यंत तुमचे दोनतीन सेकंद गेले असतील. तेवढ्यात घरातल्या चालू लॅपटॉपने हातातलं काम खाली ठेवून दुसरं उचलायचा उद्योग हजारो वेळा केला. हो, हजारो वेळा! तरीही गाण्याचा सूर कुठे तुटला नाही, माउसचा बाण अडखळला नाही, डाउनलोड मध्येच थबकलं नाही.

कॉम्प्युटर एकाच वेळी खूप कामं करतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण प्रोसेसरच्या पोटात डोकावलं तर साधारणपणे तिथे चार, सहा, आठ असे मोजकेच कोअर असतात. एक कोअर एका वेळी एकाच कामाचे हुकूम पाळतो. काही कोअर दोन कामं जोडीने रेटतात, त्यापुढे त्यांचीही मजल जात नाही. आणि कामं किती असतात? विशेष काहीही चालू नसलेल्या विंडोज लॅपटॉपवरसुद्धा दीडशे-दोनशे सहज. मग बाकीची कामं असतात तरी कुठे? आणि कोणाचं काम कुठवर आलं होतं, हे लक्षात कोण ठेवतं?

लक्षात ठेवते ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड, या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच. मला विचाराल, तर कॉम्प्युटरमधली सगळ्यात थक्क करणारी करामत हीच आहे: चालू काम असं थांबवायचं आणि असं पुन्हा सुरू करायचं, की आपण मध्ये थांबलो होतो हे त्या कामाला कळूच नये.

आधी एक फरक समजून घेऊ. चित्रं काढायचा ‘पेंट’ नुसता डिस्कवर पडून असतो, तेव्हा तो असतो प्रोग्रॅम, म्हणजे सूचनांनी भरलेली एक फाइल. तो काही करत नाही, काही मागत नाही. तुम्ही त्यावर डबल-क्लिक केलंत की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला मेमरीत जागा देते, एक नंबर देते आणि कामाला लावते. आता ती झाली प्रोसेस. एकाच प्रोग्रॅमपासून दोन, तीन, दहा प्रोसेस चालू शकतात. प्रत्येकीचा नंबर वेगळा, मेमरीतली जागा वेगळी, आणि परवानगीशिवाय एकीला दुसरीच्या जागेत डोकावता येत नाही. २००८ साली क्रोम ब्राउझर आला, तेव्हा त्याने हीच युक्ती वापरली. वेगवेगळ्या टॅबना त्याने वेगवेगळ्या प्रोसेस दिल्या. त्यामुळे एखादं पान कोलमडलं तरी बाकीची पानं उघडी राहतात.

हे नंबर तुम्हाला बघता येतात. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘डिटेल्स’ या भागात जा. नावांशेजारी ‘पीआयडी’ असा रकाना दिसेल. प्रोसेसचा ओळखीचा नंबर तो हाच. रकान्याच्या नावावर क्लिक करा म्हणजे नंबर चढत्या क्रमाने लागतील. आता दहाबारा नंबर वहीत उतरवून घ्या आणि एकेकाला चारने भागून बघा. सगळ्यांना नि:शेष भाग जातो! विंडोज हे नंबर चारच्या पटीतच देतं.

यादीत सगळ्यात आधी, शून्य नंबरवर, ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ असते. तिच्यापुढे कधी ९५, कधी ९८ असा आकडा दिसतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो: ही कोण एवढा प्रोसेसर खातेय? कोणीच खात नसतं. कोअर रिकामे बसले की तो वेळ तिच्या नावावर मांडला जातो. तिचा आकडा जितका मोठा, तितका तुमचा लॅपटॉप निवांत. आणि हो, यादी हवी तितकी बघा, पण ओळख नसलेल्या प्रोसेसवर ‘एंड टास्क’ दाबू नका. त्यातल्या काहींच्या जिवावर सगळा लॅपटॉप चालू असतो.

नंबरामागे काय दडलेलं असतं ते बघायचं तर लिनक्स बरा. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना, १९९१ साली, तो लिहायला घेतला. त्याचा कोड अख्ख्या जगाला वाचायला खुला आहे. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच असतो. हा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रत्येक प्रोसेसची एक लांबलचक नोंद ठेवतो. हिचा नंबर काय, हिला सुरू कोणी केलं, मेमरीतली कुठली जागा हिची, कुठल्या फाइली हिने उघडल्यात, आत्तापर्यंत कोअरवर हिने किती वेळ घेतला, ही आत्ता धावतेय की झोपलीय, आणि झोपली असेल तर कशाची वाट बघत झोपलीय. आणि या सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे थांबली तेव्हा ही नेमकी कुठल्या सूचनेवर होती.

ही शेवटची गोष्ट एवढी मोलाची का? बुद्धिबळातले ग्रँडमास्टर कधी कधी वीस-पंचवीस जणांशी एकदम खेळतात, ते तुम्ही पाहिलं असेल. टेबलं ओळीने मांडलेली, ग्रँडमास्टर एका पटावर चाल करून पुढच्या पटाकडे जातो. त्याचं एक बरं असतं. तो फिरून येईपर्यंत प्रत्येक पट जसाच्या तसा मांडलेला राहतो. कोअरकडे मात्र पट एकच! त्यामुळे दर वेळी कुठलं मोहरं कुठल्या घरात आहे ते लिहून ठेवायचं, पट रिकामा करायचा, दुसऱ्या डावाचा कागद बघून त्याची मोहरी मांडायची, चार चाली खेळायच्या, पुन्हा लिहायचं, पुन्हा आवरायचं. एक घोडा जरी एक घर इकडेतिकडे मांडला गेला, तरी तो डाव बिघडलाच.

कोअरमधली ही मोहरी म्हणजे रजिस्टर. हातातले आकडे ठेवायच्या या अगदी इवल्याशा जागा. सर्वसाधारण कामासाठीची अशी रजिस्टर बहुतेक लॅपटॉपच्या कोअरमध्ये फक्त १६ असतात. शिवाय आणखी एक असतं, त्यात पुढची सूचना मेमरीत कुठे आहे याचा पत्ता असतो. प्रोसेस बदलताना कर्नेल ही सगळी मांडणी पहिलीच्या नोंदीत उतरवून घेतो आणि दुसरीच्या नोंदीतली मांडणी रजिस्टरांत भरतो. पुढच्या सूचनेचा पत्ता बदलला, की कोअर दुसरीच्या कामाला लागलेला असतो. याला म्हणतात कॉन्टेक्स्ट स्विच. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या मोजक्याच भागांत हे सारं उरकतं. पहिलीची पाळी पुन्हा येते तेव्हा तिचा प्रत्येक आकडा जागच्या जागी असतो. बेरजेच्या मधोमध थांबवलेली असली तरी ती बेरीज पुढे चालू करते. तिच्या लेखी मध्ये काही घडलेलंच नसतं.

आता एक कोडं घालतो. जरा थांबून विचार करा, मग पुढे वाचा. समजा, कोअरवर तुमचा गेम चालू आहे. कोअर गेमचे हुकूम पाळतोय. म्हणजे त्या कोअरवर त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिम चालूच नाहीये! कारण तीसुद्धा शेवटी सूचनांचीच बनलेली आहे आणि तिलाही चालायला कोअरच लागतो. मग गेमला ‘पुरे आता’ असं सांगणार कोण?

सांगतं एक घड्याळ. प्रोसेसरमध्ये टायमर असतो. लिनक्सवर तो बहुधा सेकंदाला २५० वेळा, कुठे १००० वेळा टोकतो. टोकलं रे टोकलं, की कोअरला हातातलं काम सोडून कर्नेलने आधीच ठरवून दिलेल्या पत्त्यावर जावंच लागतं. गेमला विचारायचा प्रश्नच येत नाही. तिथे पोचल्यावर कर्नेल हिशेब बघतो: हिला पुढे चालू द्यायचं, की दुसरीला बोलवायचं?

हे घड्याळ घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये नेहमीच असं वापरलं जात नव्हतं. विंडोज ३.१ मध्ये आणि मॅकच्या नवव्या आवृत्तीपर्यंत प्रोग्रॅमनी आपणहून बाजूला व्हायचं, असा रिवाज होता. एखादा प्रोग्रॅम अडकून बसला, की सगळ्यांचीच वाट अडायची आणि शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागायचं. मोठ्या कॉम्प्युटरवर मात्र वेळ वाटून देण्याची कल्पना फार आधी आली होती. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ सालीच ती चालवून दाखवली. त्याआधी लोक भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन जायचे आणि तासन् तास उत्तराची वाट बघायचे. कोर्बाटोंच्या मशीनवर कितीतरी जण एकाच वेळी बसू लागले, आणि प्रत्येकाला वाटायचं, मशीन माझ्या एकट्यासाठीच चाललंय. १९९० चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

बरं, दोनशे प्रोसेस असल्या तरी कोअरसाठी दोनशे जणींची झोंबाझोंबी चाललेली नसते. बहुतेक जणी झोपलेल्या असतात. तुम्ही निबंध टाइप करताय. एक बटण दाबल्यावर दुसरं दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग गेला असं धरा. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरचे तेवढ्यात ६० कोटी ठोके पडून जातात! तेवढा वेळ नुसती तुमच्या बोटाची वाट बघत बसणं म्हणजे उधळपट्टीच. म्हणून प्रोसेस कर्नेलला सांगते, बटण दाबलं की उठव, आणि झोपी जाते. तिच्या नोंदीत ‘झोपलेली’ असं लागतं आणि जाग्या प्रोसेसच्या रांगेतून तिचं नाव निघतं. बटण दाबलं गेलं की कीबोर्डकडून इशारा येतो, कर्नेल तिला पुन्हा रांगेत घालतो, अक्षर उमटतं, आणि ती पुन्हा झोपते. दोन अक्षरांच्या मध्ये एक झोप!

ज्या जाग्या आहेत त्यांच्यात पुढची पाळी कोणाची, हे कर्नेलमधला शेड्युलर ठरवतो. २००७ साली इंगो मोलनार यांनी लिनक्ससाठी एक शेड्युलर लिहिला. त्याचा मूळ विचार मला फार आवडतो. कोअरवर कोणी किती वेळ घेतला याचा नॅनोसेकंदांत हिशेब ठेवायचा, आणि आत्तापर्यंत जिच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ आलाय तिला पुढे घ्यायचं. महत्त्वाच्या प्रोसेसचा वेळ हळू मोजला जातो, म्हणून तिला जास्त मिळतो. लिनक्समध्ये २०२३ साली त्याची जागा नव्या शेड्युलरने घेतली.

प्रोसेस जन्मते कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम रचायला घेतली. त्यांनी रुळवलेली रीत लिनक्समध्ये आजही चालते. तिथे चालू असलेली प्रोसेस स्वतःची हुबेहूब नक्कल काढते. मूळची ती आई, नक्कल ती लेक. लेकीला नवा नंबर मिळतो आणि मग बहुतेक वेळा ती आईच्या सूचना टाकून नव्या प्रोग्रॅमच्या सूचना उचलते. असं मागे मागे जात राहिलात, तर नेहमीच्या सगळ्या प्रोग्रॅमची वंशावळ एक नंबरच्या प्रोसेसपाशी पोचते. मशीन सुरू होताना कर्नेल तिला स्वतः उभी करतो.

आणि मरते कशी? काम संपलं की तिची मेमरी परत घेतली जाते, उघड्या फाइली मिटतात, पण नोंद लगेच पुसत नाहीत. जाताना ती एक आकडा ठेवून जाते. शून्य असेल तर काम नीट झालं, दुसरा कुठला असेल तर काहीतरी बिनसलं. तो आकडा आईने वाचायचा असतो. आई वाचत नाही तोवर नोंद तशीच राहते आणि तिच्यापुढे झॉम्बी असं लागतं. थट्टा नाही, खरंच हेच नाव आहे! झॉम्बीला मारता येत नाही, कारण ती आधीच मेलेली असते. मग आईच आधी गेली तर? तर पोरक्या लेकींना सहसा एक नंबरची प्रोसेस पदरात घेते आणि त्यांचे आकडे वाचून नोंदी मोकळ्या करते. हे करावंच लागतं, कारण नंबर अमर्याद नसतात. लिनक्समध्ये मूळची मर्यादा ३२,७६८ ची; आताच्या मोठ्या मशीनवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. सगळे नंबर झॉम्बींनी अडवले, तर नवं काही सुरूच होणार नाही.

एवढा चोख कारभार, तरी एकदा सगळं नियमाप्रमाणे चालू असताना घोटाळा झाला, आणि तोही मंगळावर.

४ जुलै १९९७ ला नासाचं मार्स पाथफाइंडर यान एअरबॅगमध्ये गुंडाळलेलं, किमान १५ उड्या मारत मंगळावर उतरलं. पोटात सहा चाकांची सोजर्नर नावाची छोटी गाडी होती, वजन साडेदहा किलोच्या आसपास. फोटो येऊ लागले, जग खूश झालं. आणि काही दिवसांतच यानाचा कॉम्प्युटर मध्येच स्वतःला नव्याने सुरू करायला लागला. दर वेळी त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर जायची.

यानात व्हीएक्सवर्क्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. यानात काही कामं ठरल्या क्षणी व्हावीच लागतात, म्हणून तिथे ‘सगळ्यांना सारखा वाटा’ हा नियम नव्हता. प्रत्येक कामाचा दर्जा ठरलेला होता. जाग्या कामांत ज्याचा दर्जा सगळ्यात वरचा, त्यालाच कोअर. यानातली माहिती इकडून तिकडे वाटण्याचं काम फार वरच्या दर्जाचं होतं. सेकंदाच्या आठव्या भागात त्याची एक फेरी पुरी झालीच पाहिजे, आणि ती झाली की नाही हे बघायला आणखी एक काम नेमलेलं होतं. फेरी चुकलेली दिसली की ते कॉम्प्युटर नव्याने सुरू करायचं. सगळ्यात खालच्या कामांपैकी एक होतं हवामानाचं. वारा, दाब, तापमान यांचे आकडे ते पुढे पाठवायचं. पाठवताना दोन कामांची गल्लत होऊ नये म्हणून ते एक सामायिक कुलूप लावून घ्यायचं आणि लगेच उघडायचं. वाटपाच्या कामालाही तेच कुलूप लागायचं.

आता नीट बघा काय झालं. हवामानाच्या कामाने कुलूप लावलं. वाटपाचं काम आलं आणि कुलूप उघडायची वाट बघत थांबलं. इथपर्यंत ठीक. पण नेमक्या त्याच वेळी मधल्या दर्जाचं, बराच वेळ चालणारं एखादं काम जागं झालं. हवामानापेक्षा त्याचा दर्जा वरचा, म्हणून नियमाप्रमाणे हवामानाला थांबवून कोअर त्याला मिळाला. मोठं काम लहानासाठी खोळंबलं, लहान काम मधल्यासाठी. आणि मधल्याला याचा पत्ताच नाही! हवामानाची मांडणी अगदी बिनचूक जपून ठेवलेली होती. आपण थांबलोय हेच त्याला ठाऊक नव्हतं, मग ‘कुलूप माझ्याकडे राहिलंय’ ही घाई त्याला कुठून असणार? तेवढ्यात देखरेख करणाऱ्या कामाला फेरी चुकलेली दिसली आणि त्याने सगळंच नव्याने सुरू केलं.

उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही असं कधीतरी झालं होतं, पण मुद्दाम घडवून बघता येईना, म्हणून कारण हाती लागलं नव्हतं. आता पॅसाडीना इथल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनिअरांनी यानाच्या जुळ्या कॉम्प्युटरवर तशीच कामं चालवली. कुठलं काम कधी जागं झालं, कधी थांबलं, कुलूप कधी कोणाकडे होतं, याची बारीक नोंद चालू ठेवली आणि तोच घोटाळा पुन्हा घडेपर्यंत पिच्छा सोडला नाही. घडला, तशी ती नोंद वाचून सगळा उलगडा झाला.

उपाय तयारच होता. लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोस्की यांनी १९९० सालच्या एका शोधनिबंधात तो मांडला होता. लहान कामाकडे कुलूप आहे आणि मोठं काम त्यासाठी थांबलंय असं दिसलं, की कुलूप उघडेपर्यंत मोठ्याचा दर्जा लहानाला उसना द्यायचा. मग मधलं काम त्याला हटवू शकत नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, फक्त त्या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. इंजिनिअरांनी ती सुरू करणारा बदल पृथ्वीवरून रेडिओने पाठवला. तो मंगळावर पोचायला दहा मिनिटांहून जास्त लागत होती. पोचला, आणि तो घोटाळा कायमचा थांबला.

पाथफाइंडर महिनाभरासाठी पाठवलेलं होतं. २७ सप्टेंबरपर्यंत त्याची माहिती पृथ्वीवर येत राहिली. तोवर खालच्या दर्जाच्या त्या हवामानाच्या कामाने वारा, दाब आणि तापमानाची ८५ लाख मोजमापं घरी पाठवली होती.